कळशी बदलली आणि स्थळ जमलं

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं मुहूर्त सुरू होतात आणि माझ्या टेबलावर साखरपुड्याची पत्रं. या महिन्यात तर निम्म्याहून जास्त तीच. कुणाचं जमलंय पण सांगायचं कसं, कुणाचं जमायला आलंय आणि देवक, म्हणजे कुळाचं पूजेचं चिन्ह, आडवं आलंय, कुणाच्या पोरानं मुलगी आणून दारात उभी केलीय. सगळी छापायला जागा नाही, म्हणून चार-पाच निवडली. नावं नेहमीप्रमाणं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, पत्र लांबलंय, सांभाळून घ्या. 2019 च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा पूर तुम्हाला आठवत असेलच. शिंगणापूर, बालिंग्याची पंपिंग स्टेशनं पाण्याखाली गेली आणि शहरातले नळ बंद, म्हणजे बाहेर जिकडं बघावं तिकडं पाणी आणि घरात प्यायला नाही. आमचं घर उंचावर म्हणून आंबेवाडीचे पाहुणे सगळे आमच्याकडं, दोन खोल्यांत माणूसच माणूस. मग काय, टँकर आला की मी बादल्या, कळश्या घेऊन रांगेत. तिथंच हा. मूळचा सातारचा, मावशीकडं एका दिवसासाठी आलेला आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाल्यावर अडकलेला. त्याला कळशी धरताच येत नव्हती, निम्मं पाणी पँटवर. मी हसले तर म्हणाला, हसा, पण जरा कडेला सरकून हसा, माझा नंबर जाईल.

त्या गडबडीत आमच्या कळश्या बदलल्या. घरी आल्यावर आई म्हणाली ही आपली नाही. बघितलं तर त्याच्यावर त्याच्या मावशीचं नाव, लग्नाची तारीख आणि खाली 'मामाकडून' असं कोरलेलं. माहेरची भेट, म्हणजे परत करायलाच पाहिजे. गल्लीत विचारत विचारत त्यांचं घर शोधलं आणि दार उघडलं यानंच, हातात आमची कळशी घेऊन, तो पण शोधायलाच निघालेला. मावशींनी चहा दिला, बिनदुधाचा, कारण दूध कुठं मिळत होतं तेव्हा. रस्ता सुरू झाला आणि तो गेला, पण तोवर नंबर घेऊन झाले होते.

पुढं तो चाकणला नोकरीला, मी इथंच एका पतसंस्थेत. भांडलो, बोलणं बंद केलं, परत सुरू केलं, सगळं झालं. लग्नाचं विचारलं त्यानं किणी टोलनाक्यावर, गाड्यांच्या रांगेत, मागच्या सीटवर माझी मैत्रीण झोपलेली (झोपलेली नव्हती हे नंतर कळलं). आमचं सगळं रांगेतच होतं बहुतेक.

आता प्रॉब्लेम. जात एक, पत्रिका बघितली, दोन्ही घरं तयार. पण पप्पा म्हणतात लोकांना लव्ह मॅरेज सांगायचं नाही. आत्याच्या यजमानांना मध्यस्थ दाखवायचं, त्यांनी स्थळ आणलं असं सांगायचं, आणि पुढच्या रविवारी 'बघायचा कार्यक्रम' करायचा, चार भाऊबंद बोलवून. म्हणजे मी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन जायचं आणि तो मला विचारणार, तुमचं शिक्षण काय? ताई, मला हसू आवरणार नाही. आणि हसू बाजूला ठेवलं तरी मनाला पटत नाहीये. पण पप्पांनी एवढं मान्य केलंय तर एवढ्यासाठी वाद घालू का? साखरपुडा महिन्यावर आलाय.
– रांगेतली, मंगळवार पेठ

उत्तर : रांगेतली, तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं आणि मावशींच्या बिनदुधाच्या चहावर सगळे फिदा झाले. त्या आठवड्यात पेट्रोलला रांग, भाजी गायब, आणि तरी तालमीतली पोरं पुरात उतरून माणसं काढत होती, घराघरातून भाकऱ्या जात होत्या. कोल्हापूरच्या निम्म्या लोकांकडं त्या दिवसांची कायतरी गोष्ट आहे, पण तुझ्याइतकी नशीबवान कुणाची मी तरी ऐकली नाही.

आता मुद्द्यावर. बघायचा कार्यक्रम करू नको. पप्पांशी वाद पण घालू नको. दोन्ही जमतंय, सांगते कसं.

आधी पप्पांचं बघू, कारण तुझ्या पत्रात त्यांच्या मनात काय आहे ते कुठं आलंच नाही. तुला धाकटी बहीण आहे का? चुलत बहिणी? आपल्याकडं स्थळ बघायला आलेली माणसं अजून विचारतात, तुमच्यात कुणाचं लव्ह मॅरेज झालंय का, म्हणजे जणू कायतरी साथ आहे घरात. आणि हे विचारणाऱ्याच्या स्वतःच्या घरात दोन झालेली असतात, ते सोडा. बापाला तुझ्या लग्नाची लाज वाटत नसते गं, त्याला भाऊबंदांच्या तोंडाची भीती असते. तेव्हा आधी शांतपणे विचार, 'पप्पा, नक्की कोण काय म्हणेल असं वाटतंय?' नाव घेऊन विचार. बहुतेक वेळा एकच नाव निघतं, एखादा काका किंवा गावाकडची चुलती. एका माणसाची समजूत काढणं आणि सगळ्या गावाला नाटक दाखवणं यात सोपं काय ते त्यांनाच ठरवू दे.

आता मध्यस्थाचं, कारण यात खरी गोम आहे आणि ती कुणी बोलत नाही. आत्याचे यजमान चांगलेच असतील, पण एकदा ते मध्यस्थ म्हणून उभे राहिले की ते मध्यस्थच. देण्याघेण्याच्या याद्या करताना ते मध्ये बसणार. साखरपुड्यात त्यांना टॉवेल-टोपी, लग्नात फेटा आणि आहेर, आणि तो दिला नाही तर रुसवा. सातारकडची माणसं देण्याघेण्याचं त्यांनाच विचारणार, ज्यांना तुमच्यातलं ओ का ठो माहीत नाही. पुढं कधी तुमच्या दोघांत काय वाजलं तर हेच घरी येऊन बसणार, 'मी जमवलंय हे लग्न, मला विचारल्याशिवाय कसं काय'. खोटा मध्यस्थ खऱ्यापेक्षा जास्त मान मागतो हे मी माझ्याच नात्यात बघितलंय, आणि तिथं अजून दिवाळीला दोन घरं एकमेकांकडं जात नाहीत.

शिवाय तुला काय वाटतंय, कुणाला माहीत नाही? मंगळवार पेठ आहे ती! टँकरच्या रांगेत तुझ्या मागं पुढं कोण होतं आठव. त्या बायांनी तुमच्या आधी ठरवलं असणार हे. त्यांच्यासमोर तू ट्रे घेऊन खाली मान घालून आलीस तर त्या पोह्यांत तोंड घालून हसतील आणि पप्पांचीच शोभा होईल. हे एवढं पप्पांना नक्की सांग, त्यांना पटेल.

मग करायचं काय? रविवारचा कार्यक्रम ठेवा, फक्त त्याला बघणं म्हणू नका. दोन्ही घरांची भेट म्हणा. सातारचे येऊ देत, पोहे होऊ देत (पोह्यांचा काय दोष), तू सगळ्यांबरोबर बस, ट्रे त्याला आणायला सांग हवा तर. आणि कुणी विचारलंच की कसं जमलं, तर दोन्ही घरांनी एकच वाक्य बोलायचं : 'मुलांनी एकमेकांना पसंत केलं, आम्ही दोन्ही घरांनी बघून, विचारून ठरवलं.' यात एक अक्षर खोटं नाही. पत्रिका त्यांनी बघितली, चौकशी त्यांनी केली, होकार त्यांनी दिला. पप्पांचा मान पण राहतोय आणि तुला पुढं जन्मभर काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवायची गरज नाही. हे टेन्शन लहान नसतं हां, लग्नानंतर दोन वर्षांनी एखाद्या बारशात आत्या एक सांगतेय आणि नवरा दुसरंच बोलून गेला असं झालेलं बघितलंय.

मध्यस्थाचा मान कुणाला तरी द्यायचाच असेल तर खरा मानकरी तुमच्याकडं आहेच की. मावशी! त्यांची कळशी, त्यांचं घर, त्यांचा चहा. त्यांना साखरपुड्यात पुढं बसवा, ओटी भरा, साडी द्या. 'सातारच्या पाहुण्यांची कोल्हापूरची मावशी आहे, तिच्याकडनं ओळख झाली' हे पप्पा कुणालाही ताठ मानेनं सांगू शकतात. आत्याच्या यजमानांना सांगा की तुम्ही आमच्याकडनं याद्यांना बसा, त्यांना पण बरं वाटेल.

आणि सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं. कळशीची गोष्ट सांगा, ती सांगण्यासारखीच आहे, अँकर माईक घेऊन 'कैसे मिले' विचारेल तेव्हा हीच सांगा आणि मराठीत सांगा. टोलनाका तुमच्या दोघांचा. आणि त्या न झोपलेल्या मैत्रिणीचा.

प्रश्न : ताई, माझं आणि तिचं कॉलेजपासून आहे. दोघंही मराठा, घरचे खूश होते, पण देवक काढलं तर दोघांचं पंचपल्लव (पाच झाडांची पानं). आता आजोबा म्हणतात एक देवक म्हणजे भाऊ-बहीण, सुपारी फोडायची नाही. कायद्यात काय आहे?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : कायद्याचं आधी. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे, त्यात देवक हा शब्दसुद्धा नाही. तो बघतो नातं : वडिलांकडनं पाच पिढ्या आणि आईकडनं तीन पिढ्यांत दोघं येतात का, आणि जवळच्या मनाई केलेल्या नात्यात बसतात का. त्यातही रूढी असेल तर सूट आहे. सगोत्राचा अडसर तर त्याच्याही आधी, 1946 च्या कायद्यानं काढून टाकला. तेव्हा मुलगा 21 चा, मुलगी 18 ची पूर्ण असली, पिढ्यांचं आडवं आलं नाही, की कायद्याला देवकाशी काय देणंघेणं नाही.

पण तू कायदा घेऊन आजोबांसमोर बसलास तर ते उठून रानात जातील. आजोबांना आजोबांच्याच भाषेत बोलावं लागतंय. गंमत बघ, आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न चालतं, चालतं काय, 'मामाची हाय, आपल्याच घरात राहील' म्हणून कौतुकानं करतात, जिथं रक्ताचं नातं समोर दिसतंय. आणि दोन तालुके सोडून पलीकडची पोरगी, जिच्या घराचा सात पिढ्यांत उंबरा शिवलेला नाही, ती बहीण! हे आजोबांना टोमणा म्हणून सांगू नको, घरातल्या एखाद्या मोठ्या जाणत्या माणसाकडनं विचारू दे. आडनाव, कूळ, मूळ गाव वेगळं असेल तर ते कागदावर काढ. सगोत्र असताना मुलगी दुसऱ्या गोत्राच्या जोडप्याच्या मांडीवर देऊन त्यांच्याकडनं कन्यादान करायची वाट जुन्या लोकांनीच काढून ठेवलीय, तुमच्या भटजींना विचारा देवकासाठी काय करतात. वाट काढायची इच्छा असली की भटजींकडं वाट असतेच असते. वेळ लागेल, पण आजोबांना वगळून सुपारी फोडू नका, ते रुसतील आणि तुलाच सगळ्यात जास्त टोचेल.

प्रश्न : साखरपुड्याआधी प्री-वेडिंग शूट केलं तर चालतं का? आमची आजी म्हणते अजून पुडा दिला नाही आणि पोरीला उचलून घेतोय फोटोत. पन्हाळ्यावर बुकिंग झालंय.
– शाहूपुरी

उत्तर : बुकिंग झालंय तर जा. उचलून घेतलेले फोटो आजीला दाखवू नका. आणि पन्हाळ्यावर पावसात जात असाल तर भारी लेहेंगा नेऊ नका, चिखलाचा होतोय, फोटोग्राफर हे सांगत नाही.

प्रश्न : वर्षानुवर्षं आम्ही तुमचं सदर वाचतो, सगळ्यांचं ऐकता, सल्ले देता. तुमचं स्वतःचं लव्ह का अरेंज, ते कधीच सांगितलं नाही. आता सांगाच.
– तुमच्या चार मैत्रिणी, कागल

उत्तर : चौघीजणी मिळून विचारताय म्हणजे सुटका नाही.

अरेंज. अगदी शंभर टक्के पोहे, पत्रिका, 'मुलगी जरा बारीक आहे' वगैरे. कुंकू लागलं, याद्या झाल्या, साखरपुडा झाला, आणि तोवर मी ह्यांच्याशी एक वाक्यसुद्धा धड बोलले नव्हते. तेव्हा साखरपुडा म्हणजे खरोखर साखरेचा पुडा, चमकीच्या कागदात गुंडाळलेला, सासूबाईंनी ओटीत घातलेला, आणि एक साडी. अंगठ्या गुजरीतल्या सराफाकडनं आणल्या होत्या पण ह्यांची माझ्या बोटात बसेना, मोठी झाली, दोरा गुंडाळून घातली. हल्लीसारखं यादी पे शादी, म्हणजे याद्या झाल्या की लगेच लग्न, असं नव्हतं ते, आमच्या लग्नाचा मुहूर्त लांबचा निघाला. त्या मधल्या दिवसांत काय झालं ते मात्र वेगळं.

मोबाईल नव्हते. हे रविवारी दुपारी एसटीडी बूथवरनं फोन करायचे, आमच्याकडं फोन शेजाऱ्यांचा. 'तुमच्या जावईबापूंचा फोऽऽन' अशी हाक अख्ख्या वाड्यात जायची आणि मी पळत. पहिल्या फोनला दोघंही नुसतं 'हं, हं'. मग शेजारच्या काकू शेजारीच बसून भाजी निवडायच्या, त्यांना काय कळू नये म्हणून आम्ही पिकाचं बोलायला लागलो, ह्यांच्याकडं ऊस. लावण किती, तोड कधी आली, कारखान्यानं काय भाव दिला, खोडवा ठेवणार का. मला उसातलं आजही सगळं कळतंय ते त्यामुळं. आणि 'तोड लवकर आली तर बरं' म्हणजे लग्न लवकर झालं तर बरं, हे आम्हा दोघांनाच माहीत. काकूंना पण माहीत होतं, हे त्यांनी लग्नानंतर सांगितलं.

एकदा रंकाळ्यावर जायची परवानगी मिळाली, धाकट्या भावाला बरोबर घेऊन या अटीवर. भावाला यांनी भेळ दिली, मग मक्याचं कणीस, मग आईस्क्रीम, आणि तरी ते कार्टं मध्येच बसलेलं. शेवटी हे म्हणाले, 'मेहुणे, संध्यामठाकडं बोटी किती हायत मोजून ये बघू.' तो गेला. आणि हे काय बोलले विचाराल तर काही नाही, अंगठीचा दोरा बघितला, म्हणाले, 'सैल आहे अजून? बदलून आणूया की.' मी म्हटलं राहू दे. मला वाटतं मी प्रेमात पडले ती तिथं, म्हणजे लग्न ठरल्याच्या बऱ्याच नंतर. त्यामुळं लव्ह का अरेंज याचं उत्तर माझ्यापुरतं जरा अवघडच आहे. भाऊ परत येऊन म्हणाला, बोट एकही नाही.

प्रश्न : मी जैन, तो मराठा. दोघंही इचलकरंजीत एकाच ऑफिसात. माझ्या घरचे आता कुठं 'बरं' म्हणालेत. पण दोन भीती आहेत. एक म्हणजे ऑफिसमधला एकजण म्हणाला की रजिस्टर करायचं तर महिनाभर नोटीस लागते, ती बोर्डावर लावतात, आणि मग भाऊबंद येऊन काय करतील सांगता येत नाही. दुसरं म्हणजे साखरपुड्याचं जेवण. त्याचे काका म्हणतात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर आम्ही कशाला यायचं.
– घाबरलेली

उत्तर : पहिली भीती काढून टाक. महिन्याची नोटीस लागते ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याला. तुमच्या बाबतीत त्याची सक्तीच नाही, कारण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जैन, बौद्ध, शीख सगळे धरलेत. म्हणजे तुम्ही दोघं नेहमीसारखं विधी करून लग्न लावू शकता आणि नंतर त्याची नोंदणी. आधी बोर्डावर नाव लागत नाही. नोंदणीला वयाचे, पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते, ते आत्ताच एका फायलीत घालून ठेव, लग्नाच्या गडबडीत भटजी सापडत नाहीत.

घरचं कुणी अजून 'आपल्यात असलं कधी झालं नाही' म्हणत असेल तर त्यांना आपल्याच संस्थानाचं सांग. शाहू महाराजांनी कागलच्या घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांकडं द्यायचं ठरवलं, मराठा आणि धनगर. महाराज 1922 ला गेले, लग्न 1924 ला झालं, म्हणजे ते गेल्यावरही दिलेला शब्द पाळला गेला. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. त्यापुढं इचलकरंजीतल्या दोन ऑफिसवाल्यांचं काय घेऊन बसलात.

आता काकांचं. साखरपुड्याला मटण मराठ्यांच्यातसुद्धा नसतं, शुभकार्याचं जेवण गोडाचंच, हे काकांना चांगलं माहीत आहे. ते मटणासाठी बोलत नाहीयेत, आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून बोलतायत. त्याला सांग, काकांकडं जाऊन मेन्यू त्यांच्या हातात दे, 'काका, तुम्हीच ठरवा, फक्त कांदा-लसणाशिवायची एक पंगत वेगळी पाहिजे.' आचाऱ्याला दोन्हीची भांडी, दोन्हीचे वाढपी वेगळे ठेवायला आधी सांगायचं, आणि ती पंगत सूर्यास्ताच्या आत बसवायची, तुझ्या आजी-आजोबांना तेवढं जपलं तरी पुरे. तांबडा-पांढरा काकांनी लग्नानंतर जागरण-गोंधळाच्या दुसऱ्या दिवशी घालावा, त्यांच्याच दारात, त्यांच्याच खर्चानं. हे शेवटचं मात्र त्यांना तू सांगू नको, त्याला सांगू दे.